नमुन्याचं घर

थंडर बे, १२ फेब्रुवारी २००७

ओलावी,

नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकांना काही लिहीत नाही, त्यामुळे माझा ईमेल पाहून तू दचकला असशील. घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. फक्त कान पार गेलेत. फोनवर ती 'काय? काय?' करते आणि मग आपल्यालाच रागावून फोन आपटते.

काम माझं आहे. मला चांगली वेबसाइट हवी आहे. एक आहे, माझ्या दिराने, डगच्या भावाने करून दिलेली. उघडली की एक घर गोल गोल फिरतं, कुत्रा भुंकतो आणि माझा पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा डोळा मारतो. गेल्या वर्षभरात त्या साइटमुळे एकच फोन आला, तोही कुत्रा कोणत्या जातीचा हे विचारायला.

गार्नेट पूल आठवतो? तुझ्या वर्गातला, ज्याचं नाक बाराही महिने वाहायचं. तोही आता घरं विकतो. त्याची साइट लोक म्हणे जेवताना उघडून बसतात. माझी दोन जुनी गिऱ्हाइकं त्याने पळवली. मी पंचवीस वर्षं या गावात 'घर विकणे आहे'च्या पाट्या ठोकत फिरले, गुडघाभर बर्फात आणि मे महिन्यातल्या काळ्या माश्यांत, आणि हा शेंबडा पायजमा घालून घरबसल्या विकतोय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात हे कबूल करते.

तू व्हँकूव्हरला नक्की काय करतोस हे मला कधीच कळलं नाही, पण साइट बनवतोस एवढं ठाऊक आहे. तर माझी बनव. फुकट मागत नाही.

आणि हो, आईने घर माझ्या नावावर केल्यापासून तू फुगून बसला आहेस हेही मला ठाऊक आहे. सही तिने स्वतः केली, ती गेल्यावर आपल्याला कोर्टकचेरी आणि कर यांत धावपळ नको म्हणून. मी घर गिळलेलं नाही. ती त्याच घरात आहे आणि त्याच घरात राहील.

मार्यात्ता


व्हँकूव्हर, २० फेब्रुवारी २००७

मार्यात्ता,

तुझी साइट पाहिली. दोनदा पाहावी लागली, कारण पहिल्यांदा हसण्याच्या नादात वाचायचं राहून गेलं. पहिल्या पानावर तुझं नाव पाच वेळा आहे आणि घर एकही नाही. 'तुमच्या स्वप्नांची किल्ली माझ्या हाती'! अगं, लोक तुझ्याकडे स्वप्नं घेऊन येत नाहीत. तिसरं मूल होणार असतं, एक खोली कमी पडत असते, म्हणून येतात. त्यांना घर दाखव. मोठं दाखव, खरं दाखव, आणि तुझा फोन नंबर प्रत्येक पानावर नजर पडेल तिथे ठेव. बाकी सगळं जाणार, कुत्र्यासकट. तुझा तो फोटोही जाणार. तो पाहून आलेल्या माणसाला दारात तू भेटलीस की त्याला वाटत असेल, फोटोतल्या बाईची आई आली.

काम करतो. सध्या मी स्वतंत्र कामंच घेतो, नोकरीचा कंटाळा आला होता. अट एकच: प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव राहील, 'रचना: ओलावी केटोला', वाचता येईल एवढ्या अक्षरात. यावर घासाघीस नको.

मला नमुन्याला एक घर दे. एकच, पण खोली न् खोली, जिना, अंगण, सगळं. ते एक पान जमलं की बाकीची घरं त्याच साच्यात बसवता येतील.

आईबद्दल जे लिहिलंयस ते मी नीट वाचलं आहे. दिलेल्या शब्दाला जाग म्हणजे झालं.

ओलावी


थंडर बे, ५ मार्च २००७

ओलावी,

फोटोतल्या बाईची आई तुला हे लिहीत आहे. नमुना सापडला.

गिऱ्हाइकांच्या घरी फोटो काढायला गेलं की एकीकडे मोरीत खरकटी भांडी आणि दुसरीकडे सोफ्यावर बनियनमधला नवरा. तेव्हा मी आईचंच घर घेतलं. तिच्या घरात बसायला धुळीलाही भीती वाटते. रविवारी चर्चहून आल्यावर फोटोवाल्याला घेऊन गेले आणि आधी घर मोकळं केलं. क्रोशाचे रुमाल, चर्चचं कॅलेंडर, बाबांचा फोटो, सगळं कपाटात. आमच्या धंद्यात हे करावंच लागतं. बघणाऱ्याला त्या घरात आपण स्वतः राहताना दिसायला हवं, भिंतीवरून दुसऱ्याचा मेलेला बाप टक लावून बघत असला की ते जमत नाही. आई म्हणाली, "तुझ्या बापाने कुणाचं काय वाकडं केलं होतं?" मी म्हटलं, आजच्या दिवसापुरतं.

'विकायचं तर नाही ना' असं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. नाही. नमुना आहे. पण पत्ता खरा, खोल्यांची मापं खरी आणि किंमतही खरी वाटेल अशी घालणार आहे. खरं दाखव, असं तूच म्हणालास.

मजकूर मात्र तू लिही. मला 'उबदार' आणि 'प्रशस्त' या दोनापलीकडे शब्द सुचत नाहीत, आणि ते मी आजवर कोंबड्यांच्या खुराड्यांनाही वापरलेत.

मार्यात्ता


व्हँकूव्हर, ११ मार्च २००७

प्रिय आई,

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर वाईट आहे, रागावू नकोस.

मार्यात्ताच्या साइटवर नमुना म्हणून आपलं घर दाखवायचं आहे, हे तिने तुला सांगितलं असेलच. फोटो आले. चांगले आहेत, पण फोटोत घर कळत नाही. मला तिथून निघून वीस वर्षं झाली. सगळं आठवतं असं मी लोकांना सांगतो खरं, पण लिहायला बसलो तर स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही धड सांगता येईना.

तू लिहिशील का? तुला हवं तसं लिही. त्या घरात कुणी नवीन राहायला आलं तर त्याला काय काय माहीत असायला हवं, असं समजून लिही.

तुझा ओलावी


थंडर बे, २५ मार्च २००७

ओलावी,

तुझं अक्षर पूर्वीही वाईटच होतं. इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून मी ते शेजारच्या लेम्पीलाही दाखवलं.

नमुना म्हणजे काय ते मला कळलं नाही. घर म्हणजे काय कापडाचा तुकडा आहे? पण मार्यात्ता म्हणते की तिच्या कामाला त्याची मदत होईल आणि तू म्हणतोस तुझ्याही. तेव्हा लिहिते.

खिडकी पूर्वेला आहे. जानेवारीत सकाळच्या कॉफीच्या वेळी टेबलाच्या एका कोपऱ्यावर ऊन येतं. थोडाच वेळ असतं, पण असतं. त्या कोपऱ्यावर पाहुण्याला बसवायचं, आणि पाहुणा नसला तर आपण बसायचं. माझा सगळा हिवाळा त्या कोपऱ्यावर जातो.

जिन्याची तिसरी पायरी करकरते. तुझ्या बापाला ती दुरुस्त करता येत नव्हती असं नाही. तुम्ही दोघं रात्री किती वाजता घरी येता ते झोपेतही कळावं म्हणून त्याने ती तशीच ठेवली. मार्यात्ताला हे लवकर कळलं आणि ती चौथीवर उडी मारायची. तुला कधी कळलंच नाही.

अंगणातला सौना, आपली वाफेने अंघोळ करायची खोली, घराआधीचा आहे. आम्ही जमीन घेतली तेव्हा आधी तोच बांधला आणि पहिला हिवाळा त्यातच राहिलो, मग घर उभं राहिलं. मार्यात्ता त्यातल्या फळीवर जन्मली. बाहेर वादळ होतं, डॉक्टर पोचला नाही, तुझ्या बापाने, एइनोने, पाणी तापवलं आणि देवाचं नाव घेतलं. भट्टीवरचे दगड सरोवराच्या काठचे आणावेत, नदीतले आणू नयेत, ते तापल्यावर फुटतात. पाणी हळू टाकावं. घाईने टाकलं तर वाफ चावते.

न्हाणीघराखालचा नळ फेब्रुवारीत गोठतो, तेव्हा तोटी थेंब थेंब चालू ठेवायची. कुंपणाजवळच्या रास्पबेरीतली अर्धी पाखरांची.

बाबाचा फोटो अजून कपाटातच आहे. मार्यात्ता परत लावते म्हणाली होती. सध्या तो टॉवेलांच्या मध्ये उबेत आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

नवीन माणसाला एवढं पुरे. तू येशील तेव्हा बाकीचं सांगेन.

आई


व्हँकूव्हर, ४ एप्रिल २००७

मार्यात्ता,

पान चढवलं. आधी बघ, मग बोल.

आईचं पत्र मी जवळजवळ तसंच टाकलंय. माझं काम फक्त आपल्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर आणि स्वल्पविराम. टेबलाचा कोपरा आहे, करकरणारी पायरी आहे, सरोवराकाठचे दगड आहेत. 'उबदार' नाही, 'प्रशस्त' नाही. फोटो एकेक करून मोठे होत जातात, जणू आपण दार ढकलून आत जातोय, आणि सौनापाशी पोचलं की तिथे तुझा फोन नंबर. इतक्या वर्षांत इतकं चांगलं काम मी केलेलं नाही. वाचता वाचता मलाच ते घर विकत घ्यावंसं वाटलं, आता बोल.

वर 'हे घर केवळ नमुना आहे' अशी पट्टी टाकायची राहिली आहे. जागा सोडलीय. बदल कसे करायचे ते तुला पाठवलेलं आहेच, तेवढी पट्टी तू टाक. मी जरा कामात आहे.

ओलावी


थंडर बे, २ मे २००७

ओलावी,

तू हुशार आहेस. हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणतेय, तेव्हा जपून ठेव.

फोन थांबत नाहीत. गार्नेट पूल परवा बँकेत भेटला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. पट्टी मी टाकली नाही. पट्टी बघून लोक पान बंद करतात. आणि लोकांना ते घर बघायचंच होतं रे, त्याला मी काय करणार? शेवटी एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. आईला म्हटलं, माझी काही गिऱ्हाइकं येणार आहेत, घर कसं ठेवावं ते त्यांना दाखवायचंय. तिचा आनंद बघायला हवा होतास. सकाळपासून तिने पुल्ला भाजला, तो वेण्या घातलेला गोड पाव, भरपूर वेलचीचा, वर साखर. अशा दिवशी आम्ही एजंट लोक ओव्हनमध्ये व्हॅनिलाचे दोन थेंब टाकून खोटा वास आणतो. इथे खऱ्याचा घमघमाट गल्लीभर.

आणि मग आईने सुरुवात केली. एकेकाला बाहीला धरून फिरवलं. तिसऱ्या पायरीवर उभं करून करकर ऐकवली, तिला स्वतःला ती ऐकू येत नाही तरी. विनिपेगहून एक जोडपं आलं होतं, बाई पोटुशी. तिला आईने उन्हाच्या कोपऱ्यावर बसवलं, कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, "इथं बसायचं. बाळ मांडीवर घेऊन इथंच बसायचं." ती बाई रडायला लागली. मी भिंतीला टेकून नुसती बघत होते. असं घर विकताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

सोमवारी त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त देऊ केले. मी सही केली. जूनअखेर ताबा.

आरडाओरडा करण्याआधी पुढचं वाच. जानेवारीत आई मागच्या दारच्या पायऱ्यांवर घसरली आणि पोस्टमन येईपर्यंत बर्फात पडून होती. तुला कळवलं नाही, कळवून तू काय केलं असतंस? कागद गिरणी बंद पडायच्या वाटेवर आहे, ती पडली की या गावात घरं फुकट द्यावी लागतील. मी तिच्यासाठी म्हाताऱ्यांच्या इमारतीत जागा बघितली आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पडली तर दाबायला घंटा आहे, तळघरात सगळ्यांचा मिळून सौनाही आहे. योग्य वेळी मीच तिला सांगेन.

मार्यात्ता


व्हँकूव्हर, ३ मे २००७

तुला लाज कशी वाटत नाही? तिच्याकडून पाव भाजून घेतलास, कॉफी ओतून घेतलीस आणि तिच्याच तोंडून तिचं घर विकलंस. आणि तिच्या तोंडी शब्द कुणाचे, तर जे तिने मला लिहिले होते!

पान आजच उतरवतोय. आईला पत्र लिहितोय. तुझी बाकीची साइट गार्नेट पूलला दान कर.

ओलावी


थंडर बे, ५ मे २००७

ओलावी,

आज सकाळी बघितलं. पान आहे तिथेच आहे. म्हणजे उतरवण्याआधी तू विचार केलेला दिसतोस. चांगलं केलंस. व्यवहार झाला आहे, पान काढून तो मोडत नाही, आणि घर कायद्याने माझं आहे.

आता मी लपवून ठेवलेली एक गोष्ट. फेब्रुवारीत मी तुझ्या कंपनीत फोन केला होता, माणूस कामाचा आहे का ते विचारायला. मी सगळ्यांबद्दल विचारते. तिथल्या बाईने सांगितलं की नोव्हेंबरमध्येच तुम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. 'नोकरीचा कंटाळा आला' काय? मी तुला टोचलं नाही, कारण तू माझा भाऊ आहेस.

आमच्या अख्ख्या ऑफिसला आता असली साइट हवी आहे. ब्रेंडाला हवी, कार्लला हवी, साहेबालाही हवी. पानाच्या तळाशी कुणाचं नाव आहे म्हणून विचारतात. मी अजून कुणाला तुझा पत्ता दिलेला नाही.

आईला लिहायचं तर खुशाल लिही. पण लिहून झालं की पुढच्या विमानाने ये आणि तिच्यासोबत राहा. बर्फात पडली की उचल, डॉक्टरकडे ने, ती ओरडली की ऐकून घे. ते करणार असशील तर मी आजच्या आज सगळं तिच्यासमोर कबूल करते.

मार्यात्ता


व्हँकूव्हर, १४ जून २००७

मार्यात्ता,

ब्रेंडाची साइट पाठवली आहे. तिला सांग, मांजरीचा फोटो काढलाय आणि तो परत टाकायचा हट्ट करू नये. कार्लने त्याच्या घरांबद्दल चार खऱ्या ओळी लिहून द्यायला हव्यात, नुसत्या मापांवर पान उभं राहत नाही. घरमालकांशी बोलायला सांग त्याला. तुमच्या साहेबाला हिरवा रंग हवा असेल तर देईन, पण तो चुकीचा आहे हे मी लेखी कळवलंय.

ऑफिसातल्या उरलेल्या दोघांची कामं ऑगस्टमध्ये घेतो.

ता. क. आईला सांगितलंस का?

ओलावी


थंडर बे, २२ जुलै २००७

ओलावी,

हे मी नव्या खोलीतून लिहिते आहे. खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे आहे.

मार्यात्ता एका सकाळी खोकी आणि डगचा ट्रक घेऊन आली आणि म्हणाली, आई, घर विकलं गेलंय. मी विचारलं, कुणी विकलं? ती खाली बघत राहिली. तू तिला ओळखतोस, ती खाली बघणारी पोरगी नाही. म्हणाली, सगळं कॉम्प्युटरवर आहे.

म्हणून मी लेम्पीला घेऊन वाचनालयात गेले. तिथल्या मुलीने ते पान उघडून दिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. टेबलाचा कोपरा, पायरी, दगड. ते मी एकाच माणसाला लिहिलं होतं. वाचनालयातले लोक ऐकत होते, कारण मला ऐकू जावं म्हणून ती मुलगी ओरडून वाचत होती. एक जण म्हणाला, किती छान लिहिलंय.

वर मार्यात्ताचा नवा फोटो होता. त्याचं मला काही वाटलं नाही. तिचा फोटो बसथांब्याच्या बाकावरही आहे, ज्याच्या त्याच्या घरावर आपलं तोंड चिकटवणं हे तिचं कामच आहे. पण मुलगी पान वर वर सरकवत शेवटाला आली, आणि तिथे तुझं नाव होतं. या देशात आल्यावर तुझ्या बापाने मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की कागदावर वर काय वाटेल ते लिहिलेलं असो, खाली ज्याचं नाव, त्याने ते केलेलं असतं.

मी मार्यात्ताला विचारलं, हे ओलावीने केलं का? तर ती रडायला लागली. म्हणाली, आई, त्याच्यावर रागावू नकोस, त्याची नोकरी गेली आहे.

नोकरी गेल्याचं मला असं कळलं. तू मागितलं असतंस तर मी घर दिलं असतं, रे. नुसतं म्हणायचं होतंस, आई, माझी अडचण आहे. त्यासाठी माझ्याकडून खिडकीबद्दल लिहून घ्यायची काय गरज होती?

तुझ्या बापाचा फोटो खोक्यांत सापडला नाही. कपाट घरासोबत गेलं.

आई


व्हँकूव्हर, ३० जुलै २००७

मार्यात्ता,

आईचं पत्र आलं. तिला वाटतंय की घर मी विकलं. तू तिला तसं वाटू दिलंस. तू रडलीस म्हणे!

मी भांडत नाही. मी हात जोडतो. आजच्या आज तिच्याकडे जा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखव की विकणारी तू होतीस. ऑफिसातली सगळी कामं मी फुकट करून देतो. माझं नाव सगळ्या पानांवरून काढतो. फक्त तिला खरं सांग.

ओलावी


थंडर बे, ६ ऑगस्ट २००७

ओलावी,

नाही सांगणार.

मी रडले हे खरं आहे, आणि रडता रडता ते तोंडातून निघून गेलं हेही खरं आहे. ठरवून केलं नाही. पण तिचा माझ्यावरचा राग त्याच क्षणी उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि मग ते परत घ्यायची माझी छाती झाली नाही. तू माझ्या जागी असतास तर तुझीही झाली नसती. मे महिन्यात तुझी कुठे झाली?

तिच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय. दिवसातून दोनदा थेंब घालावे लागतात, आणि ती त्या इमारतीतल्या नर्सला हात लावू देत नाही. मी घालते. तुझ्यावर रागावून ती काय करेल? वर्षाला एक पत्र लिहायची, तेही लिहिणार नाही. माझ्यावर रागावली तर दार उघडणार नाही. तूच सांग, दोघांपैकी कुणावरचा राग तिला परवडतो?

नाव तळाशी हवं हा हट्ट तुझा होता. आता ते काढू नकोस, लोक त्यावरूनच तुला शोधतात. गार्नेट पूलने निरोप पाठवलाय, त्यालाही तुझ्याकडून साइट हवी आहे. माझ्या नाकावर टिच्चून विचारायची हिंमत बघ. पण मी मोठ्या मनाची आहे, हो म्हण.

मार्यात्ता


व्हँकूव्हर, १२ ऑगस्ट २००७

आई,

घर मी विकलेलं नाही. घर मार्यात्ताच्या नावावर होतं, सही तिने केली, पैसे तिच्याकडे आहेत, त्यातूनच तुझ्या खोलीचं भाडं जातं. मी फक्त पान बनवलं. पानाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, विकणाऱ्याचं नाही. सगळ्यांच्याच साइटवर असतं तसं. मला सांगितलं होतं की हा नमुना आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तुझं पत्र मी त्यासाठीच वापरलं. ते वापरायला नको होतं, याची मला लाज वाटते.

नोकरी गेली हे खरं आहे. पण त्यासाठी मी तुझं घर विकलं असतं असं तुला वाटलं, हे माझ्याने सहन होत नाही. मला काही नको. तू फक्त एवढंच लिही की तुझा माझ्यावर विश्वास आहे.

ओलावी


थंडर बे, २ सप्टेंबर २००७

ओलावी,

पत्र पोचलं. मार्यात्ता म्हणालीच होती की तू असं लिहिशील.

तू लिहिलंस ते खरं आहे हे मला ठाऊक आहे. आधी नव्हतं, पण तुझं पत्र हातात घेऊन चार दिवस बसले तेव्हा कळलं. घर तिच्या नावावर करून देणारी मीच. तिच्या सहीशिवाय ते कुणाला विकता येणार होतं? मी बहिरी आहे, खुळी नाही. आणि तिला लागलं की ती कशी रडते आणि खोटं बोलताना कशी रडते, यातला फरक मी ती चालायला लागायच्या आधीपासून ओळखते.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. तुला केव्हा कळलं ते तू लिहिलेलं नाहीस. लोक येऊन पुल्ला खाऊन गेले तेव्हा एप्रिल सरत आला होता. मला तिथून काढलं जूनअखेर. मधल्या दिवसांत मी पत्रपेटी रोज उघडत होते, कारण एवढं मोठं पत्र लिहिल्यावर मुलगा उत्तर पाठवेल असं मला वाटत होतं. तुझी बहीण माझ्याशी खोटं बोलली. तू काहीच बोलला नाहीस. दोघांत कोण बरं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

मग मी दुसरा विचार केला. माझे राहिलेले दिवस मला याच खोलीत काढायचे आहेत, आणि इथे मार्यात्ता येते. रोज येते. सूप आणते, ते खारट असतं. माझं डोकं मागे करते आणि डोळ्यांत थेंब घालते. डोळे उघडे धरून दुसऱ्याच्या हाताखाली पडून राहायचं, हे किती अवघड असतं ते तुला म्हातारा झाल्यावर कळेल. माझं घर विकणाऱ्या बाईच्या हाताखाली मला तसं पडता येणार नाही.

म्हणून घर तिने विकलेलं नाही. तू विकलंस. असं मी ठरवलं आहे. लेम्पीला तसं सांगितलं, चर्चमध्येही सांगितलं. त्यांना तुझा फार राग आला आहे. मार्यात्ताला तर मी जवळ घेऊन म्हटलं, बाई, तुझा काही दोष नाही, आणि या वेळी ती खरं रडली.

तुला हे जड जाईल. पण तू लांब आहेस, आणि तुझ्यात जोर आहे. दोघांवर रागवण्याइतकी माणसं माझ्याकडे उरलेली नाहीत. एकालाच घालवता येईल, आणि जो येतच नव्हता त्याला मी घालवते आहे.

पुन्हा खरं काही लिहू नकोस. डोळ्यांमुळे आता मार्यात्ता माझी पत्रं ओरडून वाचून दाखवते, आणि खरं तिच्याच तोंडून वाचलं गेलं की ते मला ऐकू आलं नाही असं दाखवता येणार नाही. तिकडची हवा कशी आहे तेवढं लिहीत जा.

साइमा केटोला